दारात आलेला फॉर्म: लोकांना सोबत घेऊन आरोग्य संशोधन कसं होतं

अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात, ओसरीवर बसून मी एका आजींना फॉर्ममधला पहिला प्रश्न वाचून दाखवला. "गेल्या दोन आठवड्यांत, कामांमध्ये रस किंवा आनंद न वाटणे, हा त्रास तुम्हाला किती दिवस झाला?" आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कामात कायचा आनंद वं पोरी? काम त करावंच लागते."

फॉर्मवर चार पर्याय होते. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. आजींचं उत्तर यातल्या एकाही चौकटीत बसत नव्हतं. मी थोडी थांबले आणि विचारलं, "पहिले भजनाला जात होत्या का? आता जाता का?" आता मात्र त्यांचे हात थांबले. "नाही जात. मन उडालं." मग हळूहळू बाकीचंही आलं. रात्री झोप लागत नाही, डोक्यात नुसते इचार येतात, जेवण कडू लागतं.

त्या फॉर्मचं नाव पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची, असा ढोबळ नियम. हा फॉर्म अमेरिकेत १९९०च्या दशकात तयार झाला आणि जगभर वापरला जातो. तो वाईट नाही, उलट फार उपयोगी आहे. पण त्यातला 'कामातला आनंद' ज्या आयुष्यातून आला, ते आयुष्य त्या ओसरीवरचं नव्हतं. भजनाचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, तो मी समासात लिहिला. इथे खरी अडचण आहे. प्रत्येक कार्यकर्ती आपापल्या मनाने प्रश्न बदलत गेली तर एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येणार नाही. आणि प्रश्न जसाच्या तसा रेटला तर आजींचं दुखणं कागदावर उतरणारच नाही.

यातून वाट काढायची तर फॉर्म छापायच्या आधीच लोकांकडे जावं लागतं. मराठीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं आणि अर्थ कुठे निसटला ते बघायचं, एवढी पद्धत सगळेच पाळतात. पण दहा-बारा बायकांसोबत बसून "तुमच्याकडे माणूस मनातून खचला तर काय म्हणतात?" हे विचारणं, आणि मिळालेल्या शब्दांवर प्रश्न उभा करून त्याची रीतसर चाचणी घेणं, हे वेगळं काम आहे. लोकांना सोबत घेऊन होणाऱ्या संशोधनाची सुरुवात तिथून होते.

नेहमीच्या वैद्यकीय संशोधनात लोक हे 'नमुना' असतात. प्रश्न तज्ज्ञ ठरवतात, माहिती लोकांकडून घेतात, उत्तर पुन्हा तज्ज्ञांच्या नियतकालिकात जातं. याचं सगळ्यात भयंकर रूप अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कीगी इथे दिसलं. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस या लैंगिक आजारासाठी 'अभ्यास' केला. त्यांना आजार काय आहे ते सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन हे त्यावरचं औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिलं नाही. त्या समाजाचा डॉक्टरांवरचा अविश्वास पुढे पिढ्यानपिढ्या राहिला. संशोधनात लोकांचा शब्द चालला पाहिजे ही मागणी जगभर जोर धरत गेली, तिच्यामागे असे अनुभव आहेत.

आपल्याकडे या पद्धतीचं फार मोठं काम महाराष्ट्रात आणि गोव्यात झालेलं आहे. ते आपल्याच वाचकांना पुरेसं माहीत नाही, म्हणून मी तेच सांगणार आहे.

गडचिरोली: आधी चुकलेला प्रश्न

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक होता सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा. विषय शास्त्रीय दृष्टीने मोलाचा होता, आजार जिल्ह्यात सापडलाही. पण हा प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, तो आमच्या, म्हणजे संशोधकांच्या, आवडीचा होता, ही कबुली बंगांनी पुढे स्वतःच जाहीरपणे दिली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सिकलसेल क्षुल्लक होता असं नाही, २०२३मध्ये तर त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पण ज्या गावात बाळं पटापट मरत होती, तिथे लोकांनी आधी बोट दुसरीकडे दाखवलं होतं.

मग प्रश्न लोकांकडून आले. बायका राणीताईंकडे यायच्या आणि पदराआडून सांगायच्या: अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळी नीट येत नाही. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारला आणि जगातल्या मोठमोठ्या संस्थांना ठाऊक होतं. वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा किमान एक प्रकार निघाला. सरासरी काढली तर एकेका बाईला साडेतीनहून जास्त आजार. आणि यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. १९८९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं तेव्हा जगातले तज्ज्ञ दचकले. गावातल्या बायका दचकल्या नसणार, त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

दोन अख्ख्या गावांतल्या बायका, लग्न न झालेल्या मुलींसह, आतून तपासणी करून घ्यायला तयार होतात, ही गोष्ट सहीच्या कागदाने होत नाही. तपासणारी बाई डॉक्टर होती, ती तिथेच राहत होती, आणि अभ्यास संपल्यावर निघून जाणार नव्हती. असा विश्वास नसता तर आकडाच मिळाला नसता. म्हणजे लोकांचा सहभाग ही काही संशोधनाला नंतर लावलेली तोरणं नाहीत. तो नसेल तर माहितीच खोटी येते.

दवाखान्याचंही तसंच. आदिवासी लोक मोठ्या इमारतीतल्या इस्पितळाला घाबरतात, कारण तिथे डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आदिवासींमध्ये पांढऱ्या कापडात गुंडाळतात ते मेलेल्या माणसाला. हे कळल्यावर शोधग्राम या सर्चच्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नाव लोकांच्या देवीचं ठेवलं, माँ दंतेश्वरी.

आता बाळांकडे येऊ. लहान मुलांच्या मृत्यूंचं एक मोठं कारण न्यूमोनिया. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे बाळ मिनिटाला किती वेळा श्वास घेतं ते मोजणं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ साठ किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल तर धोका, त्याहून मोठ्या, पण वर्षाच्या आतल्या बाळासाठी पन्नास. पण ज्या दाईला वीसच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करायचं? यावर सर्चमध्ये एक साधं यंत्र बनलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक थोड्या मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत तर सगळ्यांना मोजता येतं. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर न्यूमोनिया, औषध सुरू करा. मला हे यंत्र एखाद्या महागड्या मशीनपेक्षा जास्त हुशार वाटतं. बाईला मोजणी शिकवत बसण्याऐवजी तिला जेवढं येतं तेवढ्यावर विज्ञान बसवलं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जिथे दाया आणि आरोग्य कार्यकर्ते न्यूमोनियावर उपचार करत होते त्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने ८.१ मृत्यू झाले. तुलनेच्या गावांत १७.५.

त्यानंतरचा अभ्यास नवजात बाळांचा. ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेसाठी. गावातच राहणारी, थोडंफार शिकलेली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं: बाळंतपणाच्या वेळी हजर राहणं, बाळाचं वजन, ताप, अंगाचा थंडावा पाहणं, बाळ रडलं नाही तर श्वास सुरू करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध, प्रसंगी इंजेक्शन देणं. आई आणि आजीला बाळ उबदार कसं ठेवायचं ते समजावणं. कामाच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५७.७ वरून ५९.६, म्हणजे जागच्या जागी. १९९९मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०११पासून 'घरच्या घरी नवजात शिशू काळजी' हा देशाचा कार्यक्रम बनला. तुमच्या घरी बाळ झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी थर्मामीटर आणि वजनकाटा घेऊन येते ना, ते वेळापत्रक या वाटेने आलेलं आहे.

तुलनेची गावं: पटत नाही, पण लागतात

इथे वाचक हटकून विचारतो, "मग त्या ४७ गावांचं काय? त्यांना मुद्दाम औषध दिलं नाही?" हा रास्त प्रश्न आहे, त्याला टाळून पुढे जाऊ नये.

तुलना का लागते ते आधी पाहू. समजा तुम्ही एका गावात दोन वर्षं समुपदेशन केलं आणि लोकांचं नैराश्य कमी झालं. त्याच दोन वर्षांत पाऊस चांगला झाला, कपाशीला भाव मिळाला. श्रेय कुणाचं? शेजारच्या गावांतही तोच पाऊस आणि तोच भाव असेल, पण तिथे समुपदेशन नसेल, तरच फरक कळतो. म्हणून गावांचे दोन गट करतात. सगळ्यात चांगलं म्हणजे गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, म्हणजे संशोधकाने आपल्या सोयीची गावं निवडली असा संशय राहत नाही. औषधाच्या चाचणीत माणसांच्या चिठ्ठ्या टाकतात, इथे अख्ख्या गावाची टाकावी लागते. कारण एका घरातल्या सुनेला सल्ला दिला तर तो विहिरीवर, हातपंपावर दुसरीकडे पोहोचणारच. गडचिरोलीच्या नवजात अभ्यासात गावं अशी चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, आणि ही त्याची एक मर्यादा होती.

नैतिक अट अशी, की तुलनेच्या गावांना आधीपासून मिळणारी कुठलीही सेवा काढून घेता येत नाही. टस्कीगीत नेमकं हे मोडलं होतं, माहीत असलेला उपचार रोखून धरला होता. उपाय खरंच चालतो का हे ठाऊक नसेल, तेव्हाच तुलना न्याय्य ठरते. आणि तो चालतो हे कळलं की तुलनेच्या गावांनाही तो मिळायला हवा. माझं स्पष्ट मत आहे, की हे शेवटचं वचन अभ्यास सुरू व्हायच्या आधी गावाला दिलेलं असावं, नंतर पैसे उरले तर बघू असं नसावं.

गोवा: "टेन्शन" नावाचा आजार

शरीराच्या आजारांचं एक बरं असतं, श्वास मोजता येतो. मनाचं तसं नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञ आपल्या देशात इतके कमी आहेत की बहुतेक तालुक्यांत एकही भेटणार नाही. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने (स्थापना १९९६, डॉ. विक्रम पटेल आणि सहकारी) हा पेच वेगळ्या बाजूने सोडवायला घेतला. तज्ज्ञ नाही, तर जे काम तज्ज्ञाशिवाय होण्यासारखं आहे ते कुणाला शिकवता येईल?

त्यांच्या मोठ्या चाचणीचं नाव 'मानस'. मनशांती सुधार शोध, या कोंकणी शब्दांची आद्याक्षरं जुळवलेलं. २००७ ते २००९ या काळात १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने त्यात होते, आणि २७००हून जास्त रुग्ण. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवडे शिकवून समुपदेशक बनवलं. आरोग्य केंद्रात माणूस "मला नैराश्य आहे" असं सांगत येत नाही. तो येतो डोकं दुखतं म्हणून, हातपाय गळून गेले म्हणून, झोप नाही म्हणून. समुपदेशक त्याला 'मानसिक रुग्ण' असा शिक्का न मारता सांगायची, की हे त्रास आणि मनावरचा ताण यांचा संबंध असतो. मग श्वासाचे साधे व्यायाम, घरातल्या कटकटीवर बोलणं, गरज असेल तर डॉक्टरकडून गोळ्या, आणि अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञाची भेट.

सरकारी केंद्रांत निकाल ठळक आला. सहा महिन्यांनी, जिथे समुपदेशक होत्या तिथले सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, जिथे नव्हत्या तिथले ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही. मला हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षं त्याच कुटुंबाला ओळखणारा फॅमिली डॉक्टर, जो विचारतो "काय रे, मुलाचं लग्न ठरलं का?", तो नकळत अर्धं समुपदेशन करत असावा. हा माझा अर्थ आहे, पण ज्याने असा डॉक्टर पाहिलाय त्याला तो पटेल.

२०१७मध्ये गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांतले आणखी दोन निकाल प्रसिद्ध झाले. एक नैराश्यावरचा, सहा ते आठ भेटींचा. त्याचा गाभा एवढाच, की खचलेला माणूस आधी करत असलेल्या गोष्टी सोडून देतो, गोष्टी सोडल्या की आणखी खचतो. तर मन ताळ्यावर यायची वाट न बघता एकेक छोटी कृती पुन्हा सुरू करायची: अंगणात फेरी, मैत्रिणीकडे जाणं, पूजा. म्हणजे आमच्या आजींचं भजनच. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. दुसरा निकाल घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांचा, जेमतेम चार भेटींचा. तिथे यश कमी, ३६ टक्के विरुद्ध २६. दारूच्या बाबतीत एकट्या माणसाशी बोलून किती होईल यालाही मर्यादा आहेत. गडचिरोलीतल्या बायकांनी हे ओळखलं होतं, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या समुपदेशनाऐवजी दुकान बंद करायची मागणी लावून धरली आणि १९९३मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली.

विदर्भ, झारखंड, मुंबई

शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत त्याचं मोजमाप झालं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायचं, मनाची प्राथमिक मदत करायची, आणि जास्त त्रास असेल त्याला पुढे न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर लोकांपैकी चारच जण कुठली तरी मदत घेत होते, दीड वर्षानंतर सत्तावीस. नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आलं, आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ वर. पण इथे तुलनेची गावं नव्हती, फक्त आधी आणि नंतर. पावसाचा आणि भावाचा जो प्रश्न वर मांडला तो इथे उभाच राहतो. तरीही चाराचे सत्तावीस होणं हे पावसाने होत नाही, कुणीतरी दार वाजवल्यानेच होतं, असं मी म्हणेन.

झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागात 'एकजूट' संस्थेने बायकांचे मासिक गट चालवले. गोष्टी, चित्रांची पानं, खेळ. गटाने स्वतःच ठरवायचं की आपल्याकडे बाळं का दगावतात आणि त्यावर आपण काय करू शकतो. कुणी जन्माच्या वेळी लागणारं सामान एकत्र घेतलं, कुणी अडल्या वेळेसाठी पैसे साठवले. चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेल्या ३६ विभागांत ही चाचणी झाली, २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. आणि ज्याच्यासाठी गट काढलेच नव्हते तेही झालं: तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. महिन्यातून एकदा घराबाहेर पडून बरोबरीच्या बायकांत बसणं, आपलं म्हणणं कुणी ऐकून घेणं, याचं औषध झालं असावं.

मग हेच सगळीकडे करावं का? मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत ४८ वस्त्यांमध्ये असेच बायकांचे गट घेऊन चाचणी झाली, २०१२मध्ये तिचा निकाल आला. बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. मुंबईत बाळंतपणं आधीच बहुतांश दवाखान्यांत होत होती, घराचं भाडं वाढलं की कुटुंब दुसऱ्या वस्तीत जातं, आणि बाई दिवसभर कामावर असते. गावातला गट उचलून जसाच्या तसा शहरात ठेवला तर तो तिथे रुजेलच असं नाही. असे न चाललेले प्रयोगही प्रामाणिकपणे छापले जातात म्हणून या शास्त्रावर माझा विश्वास आहे.

"समाज" म्हणजे नक्की कोण?

या कामातला सगळ्यात निसरडा शब्द 'गाव' हा आहे. गावाने परवानगी दिली, म्हणजे कुणी दिली? सरपंचाने? त्याच्या ओट्यावर बसणाऱ्या चार पुरुषांनी? गावकुसाबाहेरच्या वस्तीला कुणी विचारलं का? ग्रामसभेत मान डोलावणाऱ्या बायकांना घरी गेल्यावर वेगळं सांगायचं असतं. म्हणून चांगले संशोधक एक मोठी सभा घेऊन थांबत नाहीत, वाड्या-वस्त्यांवर वेगवेगळे बसतात, आणि बायकांशी बायकाच बोलतात.

घराचंही तेच. मनाच्या प्रश्नांची मुलाखत एकांतात घ्यावी असं पुस्तक सांगतं. आपल्या घरात एकांत कुठे असतो? सुनेला "झोप लागते का?" विचारावं तर उत्तर सासूबाई देतात: "लागते नं, चांगली लागते." मी अनेकदा सुनेसोबत पाणी भरायला गेले आहे, केवळ तो प्रश्न पुन्हा विचारता यावा म्हणून. पण सासूला शत्रू समजणंही चूक. सुनेला दवाखान्यात न्यायचं की नाही, गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, हे तीच ठरवते. गडचिरोलीत आजीला शिकवलं ते त्यासाठीच.

फॉर्ममधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो विचारताना अजूनही माझा आवाज खाली येतो. कुणी "हो" म्हटलं तर खूण करून पुढच्या घरी जाणं हा गुन्हा आहे असं मी मानते. अशा वेळी काय करायचं, कुणाला फोन करायचा, त्या माणसासोबत कोण बसेल, हे अभ्यासाच्या आराखड्यात आधी लिहिलेलं असलं पाहिजे. आता सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक तुमच्या घरातही लिहून ठेवा.

तुमच्या दारात असा फॉर्म आला तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे: हा अभ्यास कुणाचा, नीतिसमितीने, म्हणजे अभ्यासात लोकांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीने, तो मंजूर केलाय का, माझं नाव कुठे दिसेल, मध्येच थांबायचं असेल तर चालेल का? उत्तर देणं बंधनकारक नाही, आणि नकार दिल्याने आरोग्य केंद्रातली तुमची कुठलीही सेवा थांबवता येत नाही. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. आणि आणखी एक विचारा: "यातून काय निघालं ते आम्हाला सांगायला कधी येणार?"

तुरीच्या शेंगा सोलता सोलता आजींनी मला हेच विचारलं होतं. "हे लिहून नेतं कुठं? परत येशीन का सांगाले?"

परत गेलो आम्ही, काही महिन्यांनी. कुणाचंही नाव न घेता, फक्त गावाचं एकत्र चित्र घेऊन. मोठ्या कागदावर काढून दाखवलं की वय झालेल्या बऱ्याच बाया घराबाहेर पडेनाशा झाल्या आहेत. आमच्या डोक्यात त्याची कारणं तयार होती: एकटेपणा, कर्ज, नवरा गेलेला. बाया कागदाकडे बघत बसल्या. मग मागून एक जण म्हणाली, "अवं, तो रस्ता मोठा केला नाही का." मंदिर रस्त्याच्या पलीकडे. रस्ता रुंद झाल्यापासून रात्री ट्रक सुसाट जातात, दिवा नाही. म्हाताऱ्या बाया भजनाला जायच्या बंद झाल्या त्या तेव्हापासून. आमच्या नऊ प्रश्नांत रस्ता कुठेच नव्हता.

पुढचा तासभर आम्ही फक्त ऐकत होतो. दिव्यासाठी अर्ज करायचं ठरलं, पण तो लागेल तेव्हा लागेल. तोवर भजन दुपारी चार वाजता, शाळा सुटल्यावर, शाळेच्या ओसरीवर. शाळा रस्त्याच्या अलीकडेच. ज्यांना तेवढंही चालवत नाही त्यांना आणायला कोण जाईल, असं कुणीतरी विचारलं. आजींची शेजारीण म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या तिघीले मी आणतो."